दोनदा बंद झालेलं हॉटेल

माझे वडील परळच्या एका नावाजलेल्या हॉटेलात एकतीस वर्षं मुख्य आचारी होते. हॉटेलचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांना आठवायचं त्यांना ते आठवेलच. आठवलं की ते हळहळतील, आणि ती हळहळ आता मला ऐकवत नाही.

दुपारी बाराला तिथे फुटपाथवर रांग लागायची. सुरमईची थाळी, कोळंबीचं सुकं, तिसऱ्या, सोलकढी. गिरणीतले जॉबर, बँकेतले साहेब, नाटकवाले, पुण्याहून मुद्दाम आलेली कुटुंबं, सगळे एकाच बाकावर खेटून बसायचे. आम्ही राहायला वाशीला. सिडकोच्या दोन खोल्या, तिसरा मजला. नवं शहर, सगळेच कुठून कुठून आलेले, त्यामुळे ओळख झाली की पहिला प्रश्न, "वडील काय करतात?" मी हॉटेलचं नाव घेतलं की समोरचा खूश. "म्हणजे मालक?" "नाही, आचारी." मग चेहरा जरा उतरायचा, पण जराच. नाव मोठं होतं.

त्या हॉटेलात टेबलाशी बसून मी मात्र एकदाच जेवले, बारावी पास झाल्यावर. बाबांनी थाळी वेटरच्या हाती पाठवली आणि मी पहिला घास घेईपर्यंत भटारखान्याच्या दारातून मान बाहेर काढून बघत राहिले. मी मान डोलावली तशी ते आत गेले. एवढंच. घरी आल्यावरही त्यांनी कसं झालं होतं म्हणून विचारलं नाही.

नव्वदीच्या सुरवातीला ते हॉटेल बंद झालं. गिरण्या बंद पडल्या म्हणून हॉटेल बंद पडलं असं आता लोक सांगतात. ते खरं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत रांग होती. जागेला भाव आला होता आणि थोरले शेठ थकले होते. घरातल्या मंडळींना जागा हवी होती, हॉटेल नको होतं. हॉटेल बंद होणार अशी एक नोटीस भटारखान्याच्या भिंतीवर, तेलाच्या डब्यांच्या वर चिकटवली गेली. बाबांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून एका वेटरने ती त्यांना वाचून दाखवली. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "महिनाअखेर बंद." आई भाकरी थापत होती. तिने विचारलं, "रंगकामासाठी?" बाबा म्हणाले, "नाही. कायमचं."

शेवटच्या दिवशी मी ऑफिसात रजा टाकून गेले. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात मी तेव्हा नुकतीच क्लार्क म्हणून लागले होते. हॉटेलसमोर इतकी गर्दी की मला मागच्या गल्लीतून भटारखान्यात जावं लागलं. पुढे लोक फोटो काढून घेत होते. बाकांचे, आरशांचे, संगमरवरी टेबलांचे, गल्ल्यावर बसलेल्या थोरल्या शेठचे. कुणीतरी त्यांना हार घातला. एक बाई भिंतीला हात लावून रडल्या. मागे बाबा आणि त्यांचे चार सोबती घामाने निथळत कोळंबी परतत होते, कारण त्या दिवशी रोजच्या दुप्पट माणूस जेवायला आलेला होता.

सफारी घातलेले एक गृहस्थ डोळे पुसत भटारखान्याच्या दारापर्यंत आले. "आमचं तरुणपण गेलं हो," ते बाबांना म्हणाले. "या चवीवर आम्ही वाढलो."

बाबांनी तव्यावरची नजर काढली. "शेवटचे कधी आला होता?"

गृहस्थ गडबडले. "झाली असतील आठ-दहा वर्षं. वेळच होत नाही हो."

गृहस्थ गेल्यावर बाबा मला म्हणाले, "आठ-दहा वर्षं उपाशी होता वाटतं बिचारा."

दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धं पान लेख आला. मी तो आईला आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. संगमरवरी टेबलं कुठून आणली होती, आरसे कोणत्या देशाचे, थोरल्या शेठचे वडील कोकणातून मुंबईला कसे आले, सगळं होतं. बाकांवर दोन परिच्छेद होते. जेवण कोण बनवायचं त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी वाचून संपवलं तरी बाबा ऐकण्याच्या तयारीत बसूनच होते. मग म्हणाले, "संपलं?" मी म्हटलं, "संपलं." त्यांनी पेपर घेतला, घडी केली आणि गादीखाली ठेवला.

तो लेख माझ्या मनातून गेला नाही. पुढे मी जे केलं त्याचं मूळ तिथे आहे, म्हणून सांगते.

बाबा घरी बसले. पंचावन्न वर्षांचा धडधाकट माणूस. सकाळी चारला त्यांचे डोळे उघडायचेच. मग ते वाशीच्या मार्केटला फेरी मारायचे आणि सहा-सात माणसांना पुरेल इतकी मासळी घेऊन यायचे. आम्ही तिघंच. मासळी ते करावे गावच्या एका कोळणीकडून घ्यायचे. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिच्या टोपलीत खाडीची कोळंबी, चिंबोऱ्या, कधी जिताडा. ती आणि बाबा अर्धा-अर्धा तास मासळीवर बोलत बसत. त्या दिवसांत बाबा मनापासून बोलायचे ते तिच्याशीच.

घरी मात्र त्यांचा स्वयंपाक जमेना. हे ऐकून लोक हसतात, पण ते खरं आहे. दोनशे माणसांचा हात तिघांच्या टोपात मावत नव्हता. मीठ तरी जास्त व्हायचं, नाहीतर वाटण उरायचं. आईने पंधरा दिवस सोसलं. मग एका दुपारी तिने त्यांच्या हातातून डाव काढून घेतला. "हे घर हाय, हॉटेल नाय," ती म्हणाली. त्यानंतर बाबा ओट्याजवळ उभे राहिले नाहीत. ते गॅलरीत स्टूल टाकून बसायचे आणि समोर उठणाऱ्या बिल्डिंगीचे मजले मोजायचे.

असं वर्षभर गेल्यावर धाकटे शेठ आमच्या घरी आले. थोरल्या शेठचा हा मुलगा, बाबांनी त्याला अर्ध्या चड्डीत पाहिलेला. मिठाईचा बॉक्स घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढून आला आणि धापा टाकत बाबांच्या पाया पडला. आईचे डोळे भरून आले. तिथेच आम्ही अर्धे हरलो.

"काका, वाशीत सुरू करतोय," तो म्हणाला. "तेच नाव. एसी हॉल. इथे आपलीच माणसं राहायला आलीत, परळ-लालबाग सोडून. त्यांना ती चव कुठे मिळणार? पण तुमच्याशिवाय कसं होईल?"

बाबांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "भटारखाना केवढा?"

"मोठा आहे. आणि काका, एक करा. वाटणं, मसाले, सगळी प्रमाणं लिहून द्या. म्हणजे उद्या तुम्ही आजारी पडलात तरी चव तीच."

बाबांचा उजळलेला चेहरा थोडा उतरला. "प्रमाण माझ्या हातात आहे, शेठ. कागदावर कसं येणार?"

तो मग माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही ऑफिसात आहात. तुम्हाला जमेल. काकांचा वारसा आहे हा. लिहिला नाही तर जाईल."

वारसा हा शब्द मला लागला. गादीखालचा तो पेपर मला आठवला. मला वाटलं, एकदा कागदावर बाबा येतील. तो गेल्यावर बाबा आठवडाभर नको म्हणत होते. "हे द्यायची गोष्ट नाही गो," ते म्हणायचे. "हे शिकायला माणूस शेजारी उभा राहायला लागतो." मी त्यांच्या मागे लागले. जुने लोक असंच धरून ठेवतात आणि सगळं बुडतं, असंही म्हटलं. त्यांचं मन मी वळवलं, धाकट्या शेठने नाही.

मी मार्केटातून एक छोटा काटा आणि दोनशे पानी वही आणली. वहीच्या पहिल्या पानावर बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, खाली गाव लिहिलं. मग तीन आठवडे, ऑफिसातून आल्यावर रोज संध्याकाळी, आम्ही दोघं ओट्याशी. आईने तेवढ्यापुरता ओटा सोडला होता. बाबा मूठ भरून धणे घ्यायचे, मी त्यांची मूठ काट्यावर रिकामी करायची, वजन लिहायचं. पुन्हा मूठ, पुन्हा वजन. दर वेळी ग्रॅमभरसुद्धा फरक पडायचा नाही. खोबरं किती भाजायचं, तर ते म्हणायचे, "वास बदलला की." मी म्हणायची, "बाबा, वास लिहिता येत नाही." मग आम्ही घड्याळ लावून मिनिटं मोजायचो. तिरफळं किती, कोकमं किती, कोळंबीच्या डोक्यांचं पाणी कधी घालायचं, सगळं. काही राखलं नाही त्यांनी. एकदा रात्री जेवताना हात थांबवून म्हणाले, "ते तिसऱ्यांच्या वाटणात दोन मिरी राहिली, लिही." मी उष्ट्या हाताने उठून लिहिलं.

माझ्या लहानपणी ते मला कधीच सापडले नव्हते. सकाळी मी उठायच्या आत जायचे, मी झोपल्यावर यायचे. त्या तीन आठवड्यांत ते मला सापडले. म्हणून तर पुढचं सगळं इतकं कडू झालं.

वही मी स्वतः धाकट्या शेठच्या हातात दिली. झेरॉक्स काढून ठेवावी असं मनात आलंही नाही.

हॉटेल उघडलं. वाशीत तेव्हा असं दुसरं नव्हतं. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर परळच्या हॉटेलचे मोठे मोठे फोटो. पहिले दोन-तीन महिने बाबांच्याच हातचं होतं. करावेच्या मावशीला त्यांनी सांगितलं, रोजची कोळंबी आणि चिंबोऱ्या तू द्यायच्या. ती पहाटे टोपली घेऊन मागच्या दाराशी हजर. लोक जेवून बाहेर येताना म्हणायचे, अगदी तीच चव. आमच्या सोसायटीतले लोक जिन्यात बाबांना थांबवून सांगायचे. बाबा लाजायचे.

मग तुर्भ्याला एका शेडमध्ये मोठा भटारखाना सुरू झाला. तिथे रस्से आणि मसाले तयार करायचे, डबे भरून टेम्पोने वाशीला आणायचे, इथे फक्त गरम करायचं. पुढे ठाण्याला, पनवेलला शाखा काढायच्या होत्या, त्यासाठी ही तयारी. बाबांना सांगितलं, आठवड्यातून एकदा जाऊन नजर टाका. एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले.

बाहेर ट्रकांची रांग, आत स्टीलची मोठी पातेली. हॉटेलचा कोर्स केलेला एक तरुण साहेब तिथे होता. भिंतीवर टाइप केलेले तक्ते लावले होते. मी ओळखलं, ती माझीच वही होती. पहिलं पान कुठे नव्हतं. तक्त्यांवर लाल पेनाने फेरफार केलेले. ओलं खोबरं खोडून सुक्या खोबऱ्याची पावडर. कोकम खोडून कसलीशी आंबट पूड. कोळंबीच्या डोक्यांच्या पाण्यावर फुली. खोबरं भाजायची मिनिटं अर्ध्यावर आणलेली.

बाबांनी खिशातून चष्मा काढला आणि एकेक तक्ता वाचत पुढे सरकले. शाळेत निकाल बघतात तसे. शेवटी विचारलं, "हे कुणी बदललं?"

"काका, ओलं खोबरं टिकत नाही," साहेब नम्रपणे म्हणाला. "डबा चार दिवस राहायला पाहिजे ना."

"मग चव?"

"नव्वद टक्के तीच आहे. लोकांना कळत नाही."

येताना बसमध्ये मी म्हटलं, आपण शेठशी बोलू.

बोलून काही झालं नाही. उलट बाबांनाच भटारखान्यातून काढून दारात उभं केलं. पांढरा कोट, डोक्यावर उंच पांढरी टोपी, छातीवर पितळी बिल्ला. येणाऱ्या लोकांना हात जोडायचे, परळच्या हॉटेलचे मूळ आचारी म्हणून. धाकटे शेठ म्हणायचे, "काका, तुम्ही आमचा चेहरा." ती टोपी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना घेऊन जेवायला गेले होते. बाबांनी आम्हालाही हात जोडले. त्यांना वाटलं असावं, तसंच करायचं असतं. मी मैत्रिणींना म्हटलं, आज पोट ठीक नाही, आणि परत फिरले. त्यांनी मला जाताना पाहिलं.

मग मासळीचा बर्फाचा ट्रक यायला लागला आणि मावशीची टोपली बंद झाली. तिला सांगायचं काम कुणीच केलं नाही. ती मागच्या दाराशी आली तेव्हा बाबांनाच पुढून बोलावून घेतलं. ते टोपी घालूनच मागे गेले. काय झालं ते तिनेच पुढे आईला सांगितलं. बाबा म्हणाले, उद्यापासून नको. ती म्हणाली, "दादा, तुज्या शब्दावर मी बाकीची गिऱ्हाइकं सोरली. आता हे मावरं मी कुठं नेऊ?" तिने टोपली डोक्यावर घेतली आणि पुन्हा आमच्या बाजूला कधी फिरकली नाही. आईला भेटली तीही बसस्टॉपवर, योगायोगाने.

लोकांना कळत नाही असं तो साहेब म्हणाला होता. लोकांना कळत होतं. पहिल्यांदा जुने परळवाले यायचे थांबले, मग बाकीचे. तक्रार करायची तर दारात ओळखीचा माणूस उभाच होता. "काका, आज रस्सा जमला नाही हो." "काका, तुमचा हात बदलला का?" बाबा हात जोडून ऐकून घ्यायचे. सहा महिने त्यांनी दुसऱ्याच्या रस्स्याबद्दल बोलणी खाल्ली.

एके दुपारी धाकट्या शेठने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. समोर तो तुर्भ्याचा साहेबही बसलेला. शेठ म्हणाला, "काका, खरं सांगा. तुम्ही काहीतरी राखून ठेवलंत ना?"

बाबांना आधी कळलंच नाही.

"आचारी लोक ठेवतात, मला माहीत आहे. एखादी गोष्ट सांगत नाहीत. आम्ही वहीप्रमाणे सगळं करतोय, तरी चव येत नाही. म्हणजे वहीत काहीतरी कमी आहे."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, टेबलावर ठेवली. बिल्ला काढायला पिन अडकत होती. ती निघाली नाही तेव्हा कोटच काढून ठेवला आणि बनियनवर घरी आले. वाशीच्या भर बाजारातून, दुपारी तीन वाजता, माझे वडील बनियनवर चालत आले. आईने दार उघडलं आणि विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "चोर म्हणाला." मी वही परत मागायला हॉटेलात गेले तर काउंटरवर सांगितलं, शेठ बाहेरगावी आहेत. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी गेले नाही.

वर्षभरात ते हॉटेलही बंद झालं. या वेळी रडायला कुणी आलं नाही. काचेच्या दाराला आतून पेपर चिकटवले, पंधरा दिवसांत तिथे साड्यांचं दुकान उघडलं. पण पेपरात पुन्हा लेख आला. शहरातली जुनी नावाजलेली हॉटेलं एकामागून एक कशी बंद होताहेत, असा तो मोठा लेख होता. त्यात आमचं हॉटेलही होतं. धाकट्या शेठची मुलाखत होती. त्याचं म्हणणं असं की परंपरा टिकवायचा त्याने खूप प्रयत्न केला, पण जुन्या आचाऱ्यांनी आपली विद्या कुणाला दिली नाही. त्यांच्याबरोबरच ती चव गेली.

मी तो लेख ऑफिसात वाचला. संध्याकाळी घरी आले तर सोसायटीतल्या एकाने तो बाबांना आधीच आणून दाखवलेला होता. बाबा गॅलरीत बसले होते. पेपर मांडीवर. एकतीस वर्षांत पहिल्यांदा पेपरात आचारी आला होता, तो असा.

आता मी लिहिते आहे ते कुणाला सांगितलेलं नाही.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला शेठचा राग आला होता, वही दिल्याचा पश्चात्ताप होत होता, सगळं होतं. पण त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी ती शंका येऊन बसलेली होती. तुर्भ्याचे लाल फेरफार मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, तरीही. इतके लोक म्हणतात, पेपरात छापून येतं, तर असेलही. एवढा आयुष्यभराचा हुन्नर, कोण देतो सगळा? मी असते तर दिला असता? आणि मी विचारलं. हळू आवाजात, लाडीगोडीने विचारलं, तेच जास्त वाईट.

"बाबा, खरंच सगळं सांगितलं होतंत ना?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्याशी ते नेहमी मुंबईचं मराठी बोलायचे. फार राग आला किंवा फार दुखलं की मालवणी यायची.

"काटो तुझ्या हातात होतो," ते म्हणाले. "मी काय लपयलंय ता तूच सांग."

मी रडायला लागले. ते उठले, आत गेले, आणि आईला म्हणाले, "वाढ." जेवले. मासळी नव्हती त्या दिवशी, मुगाची आमटी होती.

मग मी पत्र लिहिलं. त्या पेपरच्या संपादकांना, चार पानी, ऑफिसातल्या मशीनवर टाइप करून. तीन आठवडे काट्यावर मुठी कशा मोजल्या, वही कशी दिली, तुर्भ्याच्या भिंतीवर काय काय खोडलं होतं, सगळं लिहिलं. खाली बाबांचं नाव, गाव आणि एकतीस वर्षांची नोकरी. आमच्या सेक्टरच्या पोस्टात रजिस्टर करून पाठवलं. घरी येऊन बाबांना पत्राची नक्कल वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकली. एके ठिकाणी मला दुरुस्त केलं, मी तिरफळाचं वजन चुकीचं सांगितलं होतं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मी मागायचं धाडस केलं नाही.

पण ते वाट बघायला लागले. रोज सकाळी चष्मा लावून, बाकीची पानं बाजूला सारून, वाचकांच्या पत्रांचं पान आधी उघडायचे. बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत जायचे. खड्ड्यांची पत्रं असायची, पाण्याच्या टंचाईची असायची, कुणाला बंद पडलेल्या हॉटेलांच्या आठवणींनी गहिवरून आलेलं असायचं. ती गहिवरलेली पत्रं भरपूर छापून आली. दोन महिने बाबांनी ते पान पाहिलं. मी ऑफिसची तयारी करता करता त्यांच्या बोटाकडे बघायची.

एका सकाळी त्यांनी पेपरवाल्याला जिन्यातच गाठलं आणि सांगितलं, उद्यापासून टाकू नको. आईने कारण विचारलं. ते म्हणाले, "रद्दी साठते उगाच."

त्यानंतर ते सात वर्षं जगले. आमच्या घरात पुन्हा पेपर आला नाही. सोसायटीच्या गणपतीला लोक म्हणायचे, काका, एक दिवस तरी तुमच्या हातचं होऊ द्या. ते हसून नको म्हणायचे. मी शेजारी उभी असले तर माझ्याकडे मात्र बघायचे नाहीत.